मोबाइलमधले पाकीट आणि जुगाराचे सहा दोष

(उपासक-उपासिकांसाठी पाठ)



जुगार ही काही नवी गोष्ट नव्हे. पोळ्याच्या दिवसांत गावाबाहेर झाडाखाली पत्त्यांचा डाव बसतो हे आपल्या वऱ्हाडात लहान मुलालाही ठाऊक आहे. तालुक्याच्या गावी चिठ्ठीवर आकडा लावणारेही आपण पाहिले आहेत. आता त्याला झाड लागत नाही आणि चिठ्ठीही लागत नाही. मोबाइल पुरतो. त्याबरोबर एक नवी तक्रार घराघरांत आली आहे. "मी जिंकलो होतो. पैसे माझ्या पाकिटात जमा झाले होते. मग त्यांनी ते परत काढून घेतले. आता न्याय कुठे मागू?"

या पाठात आपण या तक्रारीचा विचार करणार आहोत. कायदा काय म्हणतो ते आधी पाहू, नंतर धम्म काय म्हणतो ते पाहू, आणि शेवटी अशा घराने काय करावे ते क्रमाने पाहू.

एक घर

विषय समजावा म्हणून एक घर डोळ्यांपुढे आणू. वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात एक कुटुंब आहे असे समजा. तीन एकर कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. थोरला मुलगा बारावी होऊन घरी बसलेला. सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून हरभऱ्याच्या पेरणीसाठी बाजूला ठेवलेले १२,००० रुपये त्याच्या खात्यात आहेत.

मित्राने एक खेळ दाखवला. मुलाने प्रथम ५०० रुपये टाकले. दुसऱ्या दिवशी १,४०० रुपये खरोखरच बँकेत आले. त्याचा विश्वास बसला. मग बियाण्याचे १२,००० रुपये टाकले. चार दिवसांत खेळातल्या पाकिटात ८६,००० रुपये दिसू लागले. ते काढायला गेला तर आधी "तपासणी चालू आहे" असे उत्तर आले, नंतर "नियमभंग झाल्यामुळे रक्कम परत वळती केली" असा निरोप आला आणि पाकिटात शून्य उरले. त्याने दाद मागितली तेव्हा पलीकडून गोड आवाज आला, "पंधरा हजार कर भरा, सगळी रक्कम मोकळी होईल."

मुलगा आईकडे गेला. आई बचत गटाची सभासद. तो म्हणाला, "माय, पैसे बुडाले नाहीत, फक्त अडकले हायेत. गटातून पंधरा हजार उचलून दे, आठ दिवसांत फेडतो."

त्या आईने काय उत्तर द्यावे, हाच आजच्या पाठाचा प्रश्न आहे.

पाकीट कुणाचे?

प्रथम "पाकीट" हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे, कारण सारी फसगत या शब्दात आहे. एक पाकीट रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणाऱ्या कंपनीचे असते. त्यातला रुपया हा खरा रुपया असतो. त्यासाठी नियम आहेत, तक्रारीची वाट आहे. दुसरे पाकीट खेळाच्या आत असते. त्यावर रुपयाचे चिन्ह असते, पण तो खेळ चालवणाऱ्याने आपल्या वहीत लिहिलेला आकडा असतो. वही त्याची आणि खोडरबरही त्याचेच. तेथे ८६,००० लिहिणे आणि तेथून ८६,००० पुसणे, दोन्हीला त्याचा एक पैसाही खर्च होत नाही.

आकड्यांचा हा धंदा आपल्या भागाला परका नाही. मुंबईतला मटका मुळात कापसाच्या भावावरून निघाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कोणत्या आकड्यावर उघडतो आणि कोणत्या आकड्यावर बंद होतो, यावर मुंबईत पैजा लागत. १९६० नंतरच्या काळात ती रीत बंद पडली, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे ठरू लागले आणि "मटका" हे नाव रूढ झाले. कापूस पिकवणाऱ्याच्या हाती त्यातले काहीच आले नाही. आजच्या मोबाइलमधील पाकिटातही तोच आकडा आहे, केवळ त्याचे वस्त्र बदलले आहे.

म्हणून त्या घराचा हिशेब असा मांडावा. मुलाने घातले ५०० आणि १२,०००, मिळून १२,५००. प्रत्यक्ष हाती आले १,४००. घरातून खरोखर गेले ते ११,१०० रुपये. ते बापाच्या घामाचे आहेत. ८६,००० हे कधीच घरात आले नव्हते. मुलगा मात्र ८६,००० साठी रडत आहे आणि त्यासाठी आणखी १५,००० घालायला निघाला आहे.

विदर्भातील एक प्रकरण

हे केवळ गरिबाच्या मुलाचे होते असे नाही. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने पोलिसांत तक्रार दिली. त्या तक्रारीप्रमाणे गोंदियाच्या एका सट्टेबाजाने त्याला मोबाइलवर दुवा पाठवून जुगाराचे खाते उघडून दिले. त्या खात्यात आरंभीच आठ लाख रुपये जमा दिसले. व्यापारी खेळू लागला, सुरुवातीला जिंकला, मग हरत गेला. जिंकले सुमारे ५ कोटी आणि गमावले सुमारे ५८ कोटी. संशय येऊन त्याने पैसे परत मागितले तेव्हा नकार मिळाला. पोलिसांनी गोंदियाच्या घरावर छापा घातला, तेव्हा तेथे कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोने सापडले.

आठ लाख असोत की ५०० चे १,४०० होवोत, चाल एकच आहे. आधी थोडे दाखवायचे किंवा द्यायचे, विश्वास बसला की सारे ओढून घ्यायचे.

कायदा काय म्हणतो?

आता न्यायाचा प्रश्न. भारतीय करार अधिनियम १८७२ चे कलम ३० सांगते की पैजेचा करार शून्य आहे, आणि पैजेत जिंकलेली रक्कम मिळावी म्हणून दावा लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये घेरूलाल पारख यांच्या खटल्यात सांगितले की पैजेचा करार प्रत्येक वेळी बेकायदेशीर ठरतो असे नाही, पण तो शून्य आहे आणि त्याची अंमलबजावणी करता येत नाही. साध्या शब्दांत सांगायचे तर जिंकलेल्या पैशांसाठी न्यायालयाचे दार उघडत नाही.

कुणी म्हणेल, इंग्लंडात तर उघडते. हे खरे आहे. जानेवारी २०१८ मध्ये एका इंग्रज खेळाडूच्या खात्यात मोबाइलवरील पत्त्यांच्या खेळात १७ लाख पौंडांहून अधिक रक्कम जमा झाली. यंत्रणेत दोष होता असे सांगून कंपनीने ती नाकारली. लंडनच्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये खेळाडूच्या बाजूने निकाल दिला. पण तेथे २००५ च्या जुगार कायद्याने जुगाराचा करार न्यायालयात लागू होईल असे ठरवले आहे, आणि कंपन्यांना परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे १८७२ चे कलम ३० अजून उभे आहे. तेथल्या निकालाच्या आधाराने येथे आशा धरू नये.

आपल्या संसदेने तर ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा नवा कायदा संमत केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद त्याने बाजूला ठेवला आणि पैसे लावून खेळण्याच्या साऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालण्याचे ठरवले. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद व १ कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. बँकांनी व पैसे पोचवणाऱ्या कंपन्यांनी अशा व्यवहाराला हात लावू नये असेही त्यात आहे. देशात सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत दरवर्षी सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात असा अंदाज सरकारने त्या वेळी सांगितला. या कायद्यात केवळ खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, ही गोष्ट तुम्ही विशेष ध्यानात ठेवा. फसलेल्या मुलाने भीतीपोटी गप्प बसू नये.

कायदा संमत झाल्यावर देशातील अनेक मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले आणि खेळाडूंना आपली शिल्लक काढून घेण्यास सांगितले. मागे उरतात ते लपून चालणारे, परदेशातून चालणारे, आज एका नावाने आणि उद्या दुसऱ्या नावाने येणारे. त्यांचे कार्यालय नाही, पत्ता नाही. पैसे घेण्यासाठी ते कुणातरी तिऱ्हाईताचे खाते देतात आणि ते खातेही वारंवार बदलतात.

जिंकलेले पैसे बँकेत आल्यावरही जातात

आणखी एक प्रकार आहे आणि तो अनेकांना समजत नाही. जिंकलेली रक्कम खरोखर बँकेत येते. पंधरा दिवसांनी खाते गोठते. पेन्शन, पीकविमा, मजुरी, सारे त्यात अडकते. माणूस म्हणतो, "मी काय चोरी केली?"

कारण असे. जुगाराचे हे धंदेवाले एकाकडून फसवून घेतलेले पैसे दुसऱ्याला "जिंकलेले" म्हणून देतात. फसलेला माणूस १९३० या क्रमांकावर तक्रार करतो. मग पोलीस आणि बँका त्या पैशांचा माग एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यापर्यंत काढतात आणि जेथे ती रक्कम पोचली तेथे ती अडकवतात. तुमच्या खात्यात आलेले १,४०० रुपये कदाचित पुसदच्या एखाद्या विधवेचे असतील, कदाचित पुण्याच्या एखाद्या मजुराचे.

येथे पंचशीलातील दुसरे शील आठवावे. न दिलेले घेणार नाही असे आपण रोज म्हणतो. जिच्याकडून ते पैसे आले तिने ते आपल्याला दिलेले नव्हते. आपल्याला ठाऊक नव्हते हे खरे; पण कळल्यावर त्यांना "माझी जिंकलेली रक्कम" म्हणत राहणे योग्य नव्हे.

सिगालाला सांगितलेले सहा दोष

राजगृहाच्या वेळुवनात भगवान बुद्ध राहत असताना सिगाल नावाचा गृहस्थाचा मुलगा, बापाने मरताना सांगितले म्हणून, ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत असे. भगवंतांनी त्याला दिशा म्हणजे आईबाप, गुरू, पत्नी व मुले, मित्र, नोकर आणि श्रमण हे समजावले. त्याच उपदेशात संपत्ती नासण्याची सहा द्वारे सांगितली आणि त्यांत जुगार आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात हा उपदेश घेतला आहे. जुगाराचे सहा दोष आपल्या भाषेत सांगतो आणि प्रत्येक आजच्या पाकिटाशी लावून पाहतो.

पहिला, जिंकणारा वैर जोडतो. त्याचा रुपया दुसऱ्याच्या हरण्यातून येतो, आणि तो दुसरा पोलिसांत जातो.

दुसरा, हरणारा गेलेल्या धनासाठी शोक करतो. पाकिटातील आकडा पुसला गेला की शोक दुप्पट होतो, कारण जे गेले त्याचा तर शोक होतोच, जे कधी आले नव्हते त्याचाही होतो.

तिसरा, हाती असलेले धन जाते. हरभऱ्याचे बियाणे गेले.

चौथा, सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेला हा दोष आणि करार अधिनियमाचे कलम ३० शेजारी ठेवून पाहा. जुगाराचे येणे मागणाऱ्याचे बोलणे तेव्हा सभा मानत नव्हती, आजही न्यायालय ऐकत नाही.

पाचवा, मित्र आणि सोबती त्याला कमी लेखतात. उसनवारी करून झाली की मित्र फोन उचलत नाहीत.

सहावा, लग्नाच्या बोलणीत त्याचे नाव कुणी घेत नाही. हा बायकोला काय पोसणार, असे लोक म्हणतात.

कुणी विचारील, बावीस प्रतिज्ञांत दारूचे नाव आहे, चोरीचे आहे, जुगाराचे नाही. मग तो चालतो काय? असा अर्थ काढणे चुकीचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या प्रतिज्ञांत चोरी न करण्याचे आणि खोटे न बोलण्याचे वचन आहे. जुगारी प्रथम घरात खोटे बोलतो, मग घरातले न विचारता उचलतो. प्रतिज्ञा तेथेच मोडते. शिवाय नशिबावर भरवसा ठेवणे हे कष्टावर आणि बुद्धीवर उभ्या असलेल्या आपल्या मार्गाला शोभत नाही.

मग काय करावे?

त्या आईकडे परत जाऊ. तिने पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

१. पंधरा हजार देऊ नयेत. हे सर्वांत आधी. ऑनलाइन खेळात जिंकलेल्या रकमेवर कर आहे हे खरे. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने तो कापला जातो. पण तो पैसे देणारा देतानाच कापून घेतो. "आधी कर पाठवा, मग रक्कम सोडतो" असे सरकार म्हणत नाही, ठगच म्हणतो. "आम्ही तुमचे अडकलेले पैसे काढून देतो" असे सांगून शुल्क मागणाराही त्याचाच भाऊ समजावा.

२. मुलाला मारू नये, लाजवू नये. लाजेने तो लपवील, आणि लपवताना पुन्हा खेळेल. जुगाराचे व्यसन हा आजार आहे असे जागतिक आरोग्य संघटनाही मानते. मुलगा जेवत नसेल, झोपत नसेल, जिवाचे बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नये. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

३. पुरावा जपावा. मुले घाबरून खेळ पुसून टाकतात. तसे करू नये. पाकिटाचे चित्र, आलेले निरोप, ज्या खात्यात पैसे पाठवले त्याचे नाव आणि बँकेच्या नोंदीतील प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा.

४. त्याच दिवशी १९३० वर तक्रार करावी. जितका उशीर तितका पैसा पुढच्या खात्यात सरकतो. नंतर पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या ठाण्यात जावे. तक्रार ११,१०० रुपयांच्या फसवणुकीची लिहावी, ८६,००० जिंकल्याची नव्हे. खरे ते सारे सांगावे. खेळलोच नाही असे खोटे लिहू नये.

५. बँकेला किंवा परवानाधारक पाकीट कंपनीला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. पैसे कापले पण पोचले नाहीत, किंवा संमतीविना गेले, अशी त्यांची चूक असेल आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. मात्र लोकपाल बँकेच्या सेवेतील दोष पाहतो. जुगारातील जिंकणे तो मिळवून देत नाही.

६. खाते गोठले असेल तर ते कोणत्या ठाण्याच्या आणि कोणत्या तक्रारीवरून गोठले हे बँकेकडून लेखी घ्यावे. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या बांधवांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. धर्मांतर केले म्हणून हा हक्क गेला असे कुणी सांगितल्यास ऐकू नये. क्रमांक १५१००.

७. आपले बँक खाते कुणालाही भाड्याने देऊ नये. "खाते वापरू द्या, महिन्याला हजार-दोन हजार घ्या" असे सांगत दलाल फिरतात. त्यांच्यामागून पोलीस येतात ते खातेदाराच्या दारी.

आणि आठवा उपाय घरातच आहे. सिगालाला सांगितले की मिळकतीचे चार भाग करावेत. एक भाग खर्चासाठी, दोन भाग धंद्यासाठी, एक भाग अडचणीसाठी राखून ठेवावा. सोयाबीनचे पैसे आले की त्याच संध्याकाळी सारे घर एकत्र बसावे, थोरल्या मुलासमोर वहीत हे भाग लिहावेत. बियाण्याचा भाग कुणा एकट्याच्या मोबाइलमध्ये न ठेवता आई आणि बाप दोघांच्या संयुक्त खात्यात ठेवावा. अकरा हजार गेले असतील तर गेले असे त्याच वहीत लिहावे. बचत गटातून कर्ज काढायचेच असेल तर ते बियाण्यासाठी काढावे, आकड्यासाठी नव्हे. असे लिहिल्यावर मुलगा उद्या पुन्हा माणसांत बसू शकतो.

घरी विचारण्याचे प्रश्न

१. खेळातल्या पाकिटातील रुपया आणि बँकेतील रुपया यांत काय फरक आहे?

२. जिंकलेल्या रकमेसाठी न्यायालयात दावा का लागत नाही?

३. जुगाराचे सहा दोष कोणते? प्रत्येकाला आपल्या गावातील एक उदाहरण द्या, मात्र कुणाचे नाव घेऊ नका.

४. आपल्या घरातील कुणी उद्या "पैसे अडकले आहेत" असे सांगत आला, तर आपण प्रथम काय विचारू?

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा चौथ्या प्रश्नाचे उत्तर प्रथम माता-भगिनींनी द्यावे, आणि तरुणांनी ते शांतपणे ऐकावे.

जयभीम.